आप्पा, बाकीचेही तयार आहेत

बॉन,
रविवार, 16 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आप्पा आणि सौ. आई यांना सुमाचा शिरसाष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा पोचला. चकल्या वाटेत मोडल्या, पण कडबोळी शाबूत आली आणि ती मी ड्युटीवर नेली. आमच्या केअर होममधल्या केरळच्या दोघी नर्सनी अर्धी तिथेच संपवली. आईला सांगा, भाजणी अगदी जमली आहे.

आप्पा, मागच्या फोनवर तुम्ही सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा विषय काढलात आणि लगेच मिटवूनही टाकलात. म्हणालात, "माझी तयारी आहे गं, पण बाकीचे कोणी व्हायचे नाहीत. तिकडच्या लोकांना हवामानाचं सगळं पटलेलं असतं, आपल्याकडे कोणाला काय पडलंय!" तेवढ्यात माझी जेवणाची सुट्टी संपली आणि बोलणं अर्धवट राहिलं. ते डोक्यातून गेलं नाही म्हणून आज सुट्टीच्या दिवशी सविस्तर लिहिते.

तुमच्या बोलण्याचा पहिला भाग, "मी तयार आहे, बाकीचे नाहीत", मी इथेही सतत ऐकते. जर्मन माणूस अगदी हेच म्हणतो, फक्त त्याचे "बाकीचे" वेगळे असतात. कोणी म्हणतं शेजारी करत नाही, कोणी म्हणतं चीन करत नाही, कोणी म्हणतं भारत करत नाही. गंमत नाही, आप्पा, या एका वाक्याची जगभर मोजदाद झाली आहे, आणि तीही याच गावच्या विद्यापीठातल्या माणसांनी केली आहे.

बॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांचं हवामानविषयक सचिवालय आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. 1996 पासून ते इथेच आहे. 2017 ची मोठी हवामान परिषदही इथेच भरली होती. पण मी सांगतेय ते त्या बैठकांबद्दल नाही. इथल्या विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक आर्मिन फाल्क आणि तेओदोरा बोनेवा, आणि त्यांच्याबरोबर पेटर आंद्रे व फेलिक्स चोप्रा, अशा चौघांनी 125 देशांतल्या जवळपास 1,30,000 लोकांची उत्तरं गोळा करून फेब्रुवारी 2024 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना विचारलं होतं: तापमानवाढ रोखण्यासाठी घरच्या मासिक उत्पन्नातला 1 टक्का दर महिन्याला द्याल का? 69 टक्के लोक "हो" म्हणाले. आपल्या सरकारने याहून जास्त करायला हवं, असं 89 टक्क्यांना वाटत होतं.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यापुढचा प्रश्न. तुमच्या देशातल्या शंभर माणसांपैकी किती जण असा 1 टक्का द्यायला तयार होतील, असं तुम्हाला वाटतं? याचं सरासरी उत्तर आलं 43. म्हणजे तयार असणारे 69, आणि लोकांना वाटतं 43. मधले 26 जण कोणाच्या हिशेबातच नाहीत. आणि हे एखाद्या देशापुरतं नाही. गरीब देश, श्रीमंत देश, गरम, थंड, सगळीकडे लोक आपल्याच देशबांधवांना कमी लेखतात.

आता तुमच्या वाक्याचा दुसरा भाग. "तिकडच्यांना पटलेलं असतं, आपल्याकडे कोणाला पडलंय!" अभ्यासात नेमकं उलटं निघालं आहे. श्रीमंत आणि थंड देशांपेक्षा गरीब आणि उष्ण देशांत पैसे द्यायची तयारी जास्त दिसली. मला यात नवल वाटलं नाही. ज्याच्या दारात पाणी येतं, ज्याचा मोहोर गळतो, ज्याला मे महिन्यात उन्हात काम करावं लागतं, त्याला हवामान बदलतंय हे कोणी शिकवावं लागत नाही. यंदा सप्टेंबरात सीना नदीच्या काठी ज्यांची शेतं खरवडून गेली, ते या विषयाकडे बेफिकिरीने पाहत असतील असं मला मुळीच वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, "हो म्हणायला काय जातं? पैसे काढायची वेळ आली की कळेल." शंका रास्त आहे. पण याच चौघांनी अमेरिकेत हजारो लोकांबरोबर खऱ्या पैशांचा प्रयोगही करून पाहिला. हे पैसे स्वतः ठेवा किंवा हवामानासाठी काम करणाऱ्या संस्थेला द्या, असा पर्याय होता. काही जणांना आधी एवढंच सांगितलं की, तुमच्या देशातले किती लोक प्रत्यक्षात काहीतरी करतात. तो खरा आकडा ऐकल्यावर लोकांनी जास्त पैसे दिले. आणि हवामानबदल वगैरे काही नसतंच म्हणणाऱ्यांवर या माहितीचा परिणाम अधिक झाला. त्यांना कोणी विज्ञान शिकवलं नव्हतं, फक्त शेजारीपाजारी काय करतात ते सांगितलं होतं.

लोक दगडासारखे बसून आहेत असं आपण धरून चालतो, आणि तसं धरल्यामुळे आपणही गप्प बसतो. प्रत्येक जण दुसऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थ नकार असा लावतो. आप्पा, माझ्या मते या सगळ्या प्रकरणात अडलंय ते इथेच.

आता इथल्या लोकांबद्दल खरं ते लिहिते, म्हणजे "तिकडचे जागरूक" हा समज थोडा बाजूला होईल. इथले लोक वाईट नाहीत, आणि देवमाणसंही नाहीत.

आमच्याकडे आर नदीच्या खोऱ्यातून आलेल्या एक आजी राहतात. आर ही छोटी नदी, बॉनच्या दक्षिणेला थोड्या अंतरावर ऱ्हाईनला मिळते. दोन्ही बाजूंना डोंगर, उतारावर द्राक्षांचे मळे, मधे चिंचोळं खोरं आणि त्यात नदीला खेटून गावं. डोंगर आणि नदी यांच्यात सापडलेलं गाव म्हटलं की मला चिपळूणच आठवतं. 14 जुलै 2021 च्या रात्री त्या नदीला पूर आला आणि एकट्या त्या खोऱ्यात 130 हून अधिक माणसं गेली, सगळ्या जर्मनीत मिळून 180 हून अधिक. त्यानंतर आठवड्याभराने, 22 जुलैला, पहाटे आपल्याकडे चिपळुणात वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं. त्याच दिवशी महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली. तेव्हा मी टीव्हीवर आधी इथलं पाहिलं आणि मग आपल्या बाजारपेठेतलं. वाचन मंदिरातली भिजलेली पुस्तकं पाहून तुम्ही फोनवर बोलू शकला नव्हता, ते मला अजून आठवतं.

त्या आजी मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. 2016 साली आर नदीला मोठा पूर आला होता. त्या खोऱ्यातल्या आल्टेनार गावच्या मोजपट्टीवर पाणी पावणेचार मीटरच्या जवळ गेलं होतं आणि लोक त्याला शतकातला पूर म्हणाले. म्हणून 2021 च्या त्या संध्याकाळी आजींनी सामान हलवलं ते 2016 च्या खुणेच्या वर. पाणी मात्र जवळपास दहा मीटरपर्यंत चढलं, मोजपट्टीच वाहून गेली, आणि नेमका आकडा नंतर अंदाजाने काढावा लागला. आपल्याकडेही तेच झालं ना? 2005 च्या पुराची खूण सगळ्यांच्या भिंतीवर होती, आणि "त्याच्या वर काही जात नाही" म्हणून लोकांनी दुकानातला माल त्या खुणेच्या फळीवर चढवून ठेवला. पाणी फळीच्याही वर गेलं. माणूस मागच्या पुराच्या मापाने पुढचा पूर मोजतो, मग तो चिपळूणचा असो की आल्टेनारचा. हवामान बदलल्यावर ते माप उपयोगी पडत नाही. शास्त्रज्ञांनी नंतर हिशेब केला तेव्हा त्या भागात तसा पाऊस पडण्याची शक्यता तापमानवाढीमुळे 1.2 ते 9 पटींनी वाढल्याचं निघालं.

मग पुरानंतर त्या खोऱ्यातले लोक बदलले का? मला वाटलं होतं, एवढं पाहिल्यावर सगळे एका रात्रीत बदलतील. तसं झालं नाही, आणि का झालं नाही ते आजींकडून ऐकल्यावर मला त्यांचा राग येईना. गॅसच्या वाहिन्या पुरात उखडल्या होत्या. हिवाळा तोंडावर होता. काही तज्ज्ञांनी सुचवलं की, आता सगळं नव्याने बांधायचंच आहे तर गॅस नको, सूर्य आणि लाकडाच्या गोळ्यांवर गावभर उष्णता पुरवणारी यंत्रणा करू. पण भिंती ओल्या, घरात म्हातारी माणसं, बाहेर थंडी. गॅस कंपनीने काही महिन्यांत वाहिन्या पुन्हा जोडल्या आणि बहुतेकांनी गॅसच घेतला. मारियंथाल नावाच्या छोट्या गावाने मात्र एकत्र बसून ठरवलं आणि गावाची सामाईक उष्णतायंत्रणा उभी केली. तिथले लोक इतरांपेक्षा शहाणे होते असं मला वाटत नाही. ते एकमेकांशी बोलले आणि कोण कोण तयार आहे हे त्यांना वेळेवर कळलं, एवढाच फरक मला दिसतो.

आता 2023 सालच्या हीटिंगच्या कायद्याबद्दल लिहिते. हे जरा लांबेल, पण सोसायटीच्या कामात तुम्हाला याचाच उपयोग जास्त होईल.

इथे घर गरम ठेवणं म्हणजे चैन नव्हे, त्याशिवाय जगताच येत नाही. देशातली साधारण निम्मी घरं तळघरातल्या गॅसच्या बॉयलरवर चालतात. त्याऐवजी हीट पंप बसवला तर तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो, फ्रिज उलटा चालवल्यासारखा. एक युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता मिळते. कोळसा-गॅस कमी करायचा तर हा उत्तम मार्ग, त्याबद्दल फारसा वाद नाही. सरकारने कायद्याचा मसुदा केला की, 1 जानेवारी 2024 पासून जी नवी हीटिंग यंत्रणा बसेल ती किमान 65 टक्के अक्षय ऊर्जेवर चालली पाहिजे. फेब्रुवारीच्या शेवटी तो मसुदा फुटला आणि एका खपाच्या वृत्तपत्रात आला. त्यात बंदी दिसत होती, पण अनुदान किती मिळणार, म्हाताऱ्या माणसांचं काय, जुन्या घरांचं काय, हे काहीच ठरलेलं नव्हतं. जुन्या घरात हीट पंप म्हणजे सहज 30,000 युरो. ऐकूनच लोकांच्या पोटात गोळा आला.

आमच्या केअर होमची दुरुस्तीची कामं पाहणारे एक गृहस्थ आहेत, साठी ओलांडलेले. सप्टेंबर 2019 मध्ये शाळकरी मुलांच्या हवामान मोर्चाला जर्मनीभर लाखो लोक रस्त्यावर आले होते, तेव्हा ते नातवाचा हात धरून गेले होते. हे गृहस्थ हवामानबदल नाकारणारे नाहीत. पण 2023 च्या त्या वसंतात ते रोज संतापलेले असायचे. "माझं पेन्शन एवढं, घर 1960 च्या सुमाराचं, बँक या वयात कर्ज देणार नाही, आणि हे मला सांगतायत काय बसवायचं!" शेवटी कायदा लागू व्हायच्या आत त्यांनी घाईघाईने नवा गॅस बॉयलर बसवून घेतला. देशभर हेच झालं. त्या वर्षी गॅसच्या बॉयलरची विक्री भलतीच वाढली. हीट पंपही 2023 मध्ये सुमारे साडेतीन लाख विकले गेले, पण पुढच्या वर्षी गोंधळामुळे तो आकडा दोन लाखांच्या आत आला. कायदा 8 सप्टेंबर 2023 ला पुष्कळ मवाळ होऊन संमत झाला. 70 टक्क्यांपर्यंत अनुदानही ठरलं. पण तोवर त्या गृहस्थांच्या तळघरात बॉयलर बसला होता, आणि तो वीस वर्षं तिथून हलणार नाही.

मला याचं फार वाईट वाटतं. लोकांची तयारी होती, ती त्यांना घाबरवून घालवली. आधी हिशेब मांडला असता, ज्याला परवडत नाही त्याची सोय काय हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर त्या माणसाने हीट पंप घेतला असता असं मला ठामपणे वाटतं. पुढे लोक हळूहळू त्याच बाजूला आलेच. 2025 च्या पहिल्या सहा महिन्यांत जर्मनीत प्रथमच गॅस बॉयलरपेक्षा हीट पंप जास्त विकले गेले.

चिपळूणच्या निळ्या आणि लाल पूररेषेची आठवण करा. तेव्हा तुम्हीच त्या विरोधाच्या सभेला गेला होता. लोकांना पूर नको होता म्हणून ते विरोध करत होते का? पूर कोणालाच नको होता. पण नकाशावर रेषा आली, आपलं घर रेषेच्या आत आलं, आता बांधकामाचं काय, घराच्या किमतीचं काय, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. अशा वेळी माणूस रेषेशीच भांडतो.

आणि तेच चिपळूणकर त्याच 2021 च्या डिसेंबरात वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा म्हणून साखळी उपोषणाला बसले. चिपळूण बचाव समितीच्या मांडवात व्यापारी होते, डॉक्टर होते, रिक्षावाले होते, बायका होत्या. आईसुद्धा मावशीला घेऊन गेली होती. शेवटी सरकारला दखल घ्यावी लागली आणि गाळ निघायला लागला. आता सांगा, हे गाव "कोणाला काय पडलंय" म्हणणाऱ्यांचं आहे का?

इथलं राजकारणही असंच वर-खाली होतं. बॉन शहराने 2035 पर्यंत कार्बनचा हिशेब शून्यावर आणायचं ठरवलं आहे. हिरव्या पक्षाच्या महापौर बाई 2020 पासून होत्या. त्यांनी सायकलींसाठी रस्ते काढले, त्यात गाड्यांची जागा गेली, वाद झाले, आणि या सप्टेंबरच्या निवडणुकीत त्या हरल्या. तर ऑक्टोबरच्या 12 तारखेला हँबुर्गमध्ये लोकांनी थेट मतदान करून शहराचं उद्दिष्ट 2045 वरून 2040 वर आणलं. बाजूने 53.2 टक्के मतं पडली. दोन घटनांत दोन आठवड्यांचं अंतर. एक पाहून लोक कंटाळले म्हणायचं आणि दुसरी पाहून लोक जागे झाले म्हणायचं, असं मी करत नाही. पार्किंग गेलं की माणूस चिडतो, आणि तरीही नातवंडांसाठी मत देतो. ती एकच माणसं आहेत.

जिथे गोष्ट सोपी आणि स्वस्त केली, तिथे मात्र लोकांना पटवावंच लागलं नाही. 2022 च्या उन्हाळ्यात तीन महिने 9 युरोत महिनाभर देशातली कुठलीही लोकल गाडी, बस, ट्राम, असा पास होता. असे सुमारे 5 कोटी 20 लाख पास खपले. पुढे 2023 पासून तो 49 युरोचा झाला, 2025 मध्ये 58 झाला आणि जानेवारी 2026 पासून 63 ठरला आहे. दर चढला की माझ्या ओळखीत एक-दोघी पास सोडतात. मला हे चुकीचं धोरण वाटतं आणि मी हे इथल्या लोकांना बोलून दाखवते.

दुसरी सोपी गोष्ट म्हणजे बाल्कनीतलं सौरसंच. दोन पॅनेल कठड्याला बांधायची, पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करणारा छोटा इन्व्हर्टर, आणि प्लग घरच्याच सॉकेटमध्ये. 2024 पासून 800 वॅटपर्यंत परवानगी आहे, विक्रीकर शून्य, आणि घरमालकाला भाडेकरूला उगाच अडवता येत नाही. या वर्षी नोंदवलेल्या संचांची संख्या 10 लाखांवर गेली. माझ्या गल्लीत आधी एकाच बाल्कनीत होतं, मग त्याच्या वरच्या मजल्यावर दिसलं, मग समोर. मीही घेतलंय. कॅलिफोर्नियातल्या अभ्यासातही असंच आढळलं होतं की एका छपरावर पॅनेल आलं की त्याच वस्तीत पुढची बसण्याची शक्यता वाढते. डोळ्यांना दिसतं तेव्हा "बाकीचे करत नाहीत" असं म्हणता येत नाही.

आप्पा, एक मुद्दा तुम्ही नेहमी काढता आणि तो मला मान्य आहे. धूर यांनी सोडला, शंभर-दीडशे वर्षं सोडला, आणि आता संयम आपण पाळायचा? आजही जर्मन माणसामागे वर्षाला साधारण सात टन कार्बन डायऑक्साइड आणि भारतीय माणसामागे दोन टन. त्यामुळे इथे कोणी भारताकडे बोट दाखवलं की मी हा हिशेब शांतपणे सांगते. यांनी आधी आणि जास्त करायला हवं, यात मला तिळमात्र शंका नाही. पण आपल्या गच्चीवरचं ऊन हे काही जर्मनीवर उपकार म्हणून वापरायचं नाही. लिफ्टचं आणि पंपाचं बिल आपलं कमी होणार आहे.

म्हणून सोसायटीच्या सभेआधी एक करा. सभेत हात वर करायला सांगू नका. सभेत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात आणि पहिला जो "कशाला हवंय" म्हणेल त्याच्यामागे जातात. त्याऐवजी तुम्ही आणि दादा दोन संध्याकाळी काढून घरोघर जा. कागदावर दोनच प्रश्न ठेवा. गच्चीवर सौर पॅनेल बसवायला तुमची संमती आहे का? आणि आपल्या 24 घरांपैकी किती घरं तयार होतील असं तुम्हाला वाटतं? नावं गुप्त ठेवा. सभेत दोन्ही आकडे वाचून दाखवा. माझी खात्री आहे की पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा निघेल.

आणि त्याच कागदावर खर्चाचा हिशेब छापा, आधीच. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी दर किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या मागच्या बारा महिन्यांच्या बिलांवरून किती किलोवॅट लागतील ते काढून घ्या. 10 किलोवॅट धरले तर 1,80,000 रुपये अनुदान होतं, आणि सावली नसलेली साधारण हजार चौरस फूट गच्ची लागते. एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, पावसाळ्यात बरंच कमी, हे लपवू नका. पाळंदे काकूंसारख्या एकट्या पेन्शनवर असणाऱ्यांचा वाटा हप्त्यांनी घ्यायचा की देखभाल निधीतून, हे सभेच्या आधी ठरवा. सभेत कोणालाही "मला परवडत नाही" असं चारचौघांत म्हणायची वेळ येऊ देऊ नका.

तीन गोष्टी कंत्राटदाराला बजावून सांगा. इन्व्हर्टर तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत बसवायचा नाही. 2021 ला ती खोली पूर्ण बुडाली होती. तो गच्चीच्या जिन्याच्या टप्प्यावर बसवा, वायर थोडी जास्त लागली तरी चालेल. दुसरं, सांगाडा वादळाच्या वाऱ्याचा हिशेब करून द्यायला सांगा. निसर्ग वादळात दापोलीकडे पत्रे कसे उडाले ते तुम्ही पाहिलंय. तिसरं म्हणजे साध्या जोडणीत महावितरणची वीज गेली की पॅनेलही बंद पडतात, भर उन्हातसुद्धा. पुरात वीज जाते तेव्हा पंप आणि जिन्यातले दिवे चालू राहायला हवे असतील तर बॅटरीची वेगळी सोय लागेल आणि तिचा खर्च वेगळा. लोकांना हे आधी कळू दे, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात ते आम्हाला फसवलं म्हणतील. नेट मीटरचा, म्हणजे जास्तीची वीज महावितरणला देऊन ती बिलात वळती करणाऱ्या मीटरचा, अर्ज कंत्राटदारच करतो, पण त्याची पोच सोसायटीच्या फाइलला लावून ठेवा. किमान तिघांकडून लेखी दर घ्या.

माझ्याकडून सुरुवातीला लागतील ते पैसे मी पाठवते. ते सोसायटीला आपल्या घराचा वाटा म्हणून द्या, देणगी म्हणून नको.

आईच्या गुडघ्याचा एक्स-रे झाला का? तेल लावून काही होत नाही, तिला अस्थितज्ज्ञांकडे घेऊन जा आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवा. वहिनीला म्हणावं, चिऊचा जर्मनचा अभ्यास शनिवारी सकाळी तुमच्या वेळेने अकराला घेऊ, तेव्हा मी मोकळी असते. कागदावरचे दोन्ही आकडे आले की लगेच कळवा, रात्र असली तरी फोन करा.

तुमची,
सुमा